तीस-तीसचे प्रबंध

अभिमत विद्यापीठं आणि थोड्याफार राष्ट्रीय संस्था वगळल्या, तर महाराष्ट्रात एमडी-एमएस करणाऱ्या डॉक्टरांच्या प्रबंधांचे कागद कधी ना कधी नाशिकला, दिंडोरी रोडवर म्हसरूळला येऊन पोचतात. महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ १९९८ साली स्थापन झालं आणि त्याचं मुख्यालय आपल्या गावाला मिळालं. एरवी नाशिककराला त्याची आठवण होते ती परीक्षा पुढे ढकलली की, नाहीतर निकाल रखडला की. पण याच पत्त्यावर दरवर्षी राज्यभरातल्या तरुण डॉक्टरांनी मांडलेले संशोधनाचे प्रश्न गठ्ठ्यांनी जमा होतात, आणि त्यातले बरेचसे उत्तर न सापडताच ग्रंथालयाच्या कपाटात जातात.

हे असं का होतं याचं एक तयार उत्तर हल्ली वैद्यकीय वर्तुळात ऐकू येतं: "सगळं ऑनलाइन झालंय ना, म्हणून." मला हे उत्तर पटत नाही. संशोधनाची रचना आणि संख्याशास्त्र ऑनलाइन शिकवण्यात काही चुकलेलं नाही. चुकतंय ते कोर्स संपल्यानंतर. तिथं विद्यार्थ्याशेजारी कुणीतरी बसायला हवं, आणि तिथं आपण कुणालाच बसवलेलं नाही. ते बसवण्याची सोय राज्यात कुठे असेल तर ती नाशकात आहे.

आधी कोर्सबद्दल, कारण त्याला उगाच झोडपलं जातं. चेन्नईला भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची, म्हणजे आयसीएमआरची, राष्ट्रीय साथरोगशास्त्र संस्था आहे. तिनं 'बेसिक कोर्स इन बायोमेडिकल रिसर्च' तयार केला. रेसिडेंटांच्या, म्हणजे एमडी-एमएस करणाऱ्या डॉक्टरांच्या, तोंडी तो 'बीसीबीआर'. एनपीटीईएल या ऑनलाइन शिक्षणाच्या व्यासपीठावर व्याख्यानं बघायची, स्वाध्याय सोडवायचे, शेवटी बहुपर्यायी प्रश्नांची परीक्षा द्यायची. पदव्युत्तर विद्यार्थ्यांना तो सक्तीचा झाला, आणि त्यांना शिकवणाऱ्या प्राध्यापकांच्याही तो मागे लागला. प्राध्यापकांनी कुरकूर केली. पन्नाशीतला सर्जन मुलीच्या लॅपटॉपवर 'कोहॉर्ट' आणि 'केस-कंट्रोल' या अभ्यासाच्या दोन प्रकारांतला फरक पाठ करतोय हे दृश्य मी पाहिलंय, आणि मला त्यात वाईट काहीच दिसलं नाही. त्याला तो फरक आधी कुणी सांगितलाच नव्हता.

कोर्स नव्हता तेव्हा काय होतं तेही आठवून बघा. गाइड सांगायचे, "मागच्या बॅचचा थिसिस घे, ड्रग बदल, वर्ष बदल." संख्याशास्त्राचं प्रकरण प्रबंध बांधायला टाकण्याच्या आदल्या आठवड्यात उगवायचं. कुणाच्या तरी पेनड्राइव्हमधून आलेली एसपीएसएस या संख्याशास्त्राच्या सॉफ्टवेअरची प्रत, तिच्यात आकडे ओतायचे आणि ०.०५ पेक्षा लहान 'पी-व्हॅल्यू', म्हणजे फरक 'सिग्निफिकंट' म्हणायला मिळेल असा आकडा, कुठे निघतो ते शोधत बसायचं. आज सुरगाण्याच्या ग्रामीण रुग्णालयातला वैद्यकीय अधिकारी रात्रपाळीत, पेशंट नसताना, देशातले उत्तम साथरोगतज्ज्ञ 'बायस', म्हणजे निष्कर्ष एका बाजूला झुकवणारी चूक, कसा समजावतात ते बघू शकतो, कळलं नाही तर पुन्हा बघू शकतो. 'आर' ही संख्याशास्त्राची भाषा फुकट आहे, तिच्यावर उभं असलेलं 'जामोवी' फुकट आहे. वीस वर्षांपूर्वी यासाठी मुंबई-पुण्याच्या कार्यशाळेची फी आणि चार दिवसांची रजा लागायची, आणि रजा मिळायची नाही.

तरीही सिनॉप्सिस, म्हणजे प्रबंधाचा आधी द्यायचा आराखडा, उघडला की तेच: प्रत्येक गटात तीस रुग्ण, एकूण साठ.

हे तीस आले कुठून हे विचारलं की तीन उत्तरं मिळतात. "गाइडनी सांगितलं." "मागच्यांनी पण तीसच घेतले होते." आणि थोडं अभ्यासू उत्तर: "तीसच्या वर गेलं की नॉर्मल डिस्ट्रिब्युशन लागू होतं ना सर?" तिसऱ्या उत्तरात कोर्समध्ये ऐकलेल्या एका वाक्याची सावली आहे, पण ती भलत्याच भिंतीवर पडलेली. सरासरीचं वितरण घंटेच्या आकाराचं व्हायला तीस पुरतील एक वेळ. तुम्हाला जो फरक शोधायचाय तो दिसायला तीस पुरतात का, हा प्रश्नच वेगळा.

आकड्यांत बघू. समजा विषय आहे पोटाच्या शस्त्रक्रियेनंतर जखमेत होणारा संसर्ग. आपल्या वॉर्डात तो शंभरात पंधरा जणांना होतो असं धरू. नव्या पद्धतीनं तो दहावर येईल अशी आशा आहे. पंधराचे दहा होणं ही लहान गोष्ट नाही. शंभरातली पाच माणसं वाचतात, त्यांचे अँटिबायोटिक, त्यांच्या नातेवाइकांचा बुडालेला रोजगार, खाटेचे दिवस, सगळं वाचतं. हा फरक खरोखर असेल तर तो दहापैकी आठ वेळा तरी पकडता यावा, आणि नसताना 'आहे' म्हणण्याची चूक शंभरात पाच वेळांपेक्षा जास्त होऊ नये, एवढी माफक अपेक्षा ठेवली, तर प्रत्येक गटात सुमारे ६८० रुग्ण लागतात. दोन्ही मिळून १,३६०.

तीस-तीसमध्ये काय होतं? जुन्या पद्धतीच्या गटात चार-पाच जणांना संसर्ग होतो, नव्या गटात तिघांना. हा फरक 'सिग्निफिकंट', म्हणजे निव्वळ योगायोगाचा नाही असा, ठरण्याची शक्यता दहात एकही नाही. मग प्रबंधात वाक्य येतं: "दोन्ही पद्धतींत फरक आढळला नाही." तीसपैकी पाच आणि तीसपैकी तीन असे आकडे आले असतील, तर त्यांतून निघणारा ९५ टक्क्यांचा विश्वासांतराल, म्हणजे खरा फरक ज्या पट्ट्यात असू शकेल तो, साधारण असा: नवी पद्धत शंभरात चोवीस जणांना वाचवत असेल, किंवा दहा जणांना जास्त आजारी पाडत असेल. म्हणजे रेसिडेंटनं तीन वर्षांच्या शेवटी सिद्ध केलं काय, तर मला काहीही माहीत नाही. पण छापलं जातं 'फरक नाही', आणि पुढच्या वर्षीचा रेसिडेंट तेच संदर्भ म्हणून जोडतो.

हे गणित कोर्समध्ये आहे. सूत्र शिकवतात, उदाहरण सोडवून दाखवतात, परीक्षेत विचारतातही. मोबाइलवर चॅटजीपीटीला विचारलं तर तेही दोन सेकंदांत ६८० च्या आसपास आणून ठेवतं. पण हे सगळं सुरू होतं 'समजा पंधरा टक्के' या शब्दांपासून, आणि हे पंधरा कुठून आणायचे ते पडद्यावरून कुणी विचारत नाही. तुमच्या वॉर्डातलं ड्रेसिंगचं रजिस्टर काढलंत का? त्यात 'संसर्ग' कुणी लिहायचा, सिस्टरनी की हाउसमननी? की आकडा आला जर्मनीतल्या एका पेपरमधून, जिथं पेशंट एसटीनं सहा तास प्रवास करून येत नाही?

विश्लेषणासाठी माझ्याकडे येणारे मास्टर चार्ट, म्हणजे सगळ्या रुग्णांच्या नोंदींचे तक्ते, बघितले की हे सगळं एका नजरेत कळतं. एका चार्टमध्ये हिमोग्लोबिनच्या रकान्यात क्रमानं असं लिहिलं होतं: १०.२, दहा ग्रॅम, ९+, नॉर्मल, रिपोर्ट आणायचाय. हे हसण्यावारी नेता येतं, फोन करून दुरुस्तही करता येतं. पण त्याच चार्टमध्ये पुढचा रकाना 'जखमेत संसर्ग' असा होता आणि त्यात 'हो', 'नाही' यांच्या जोडीला पाच-सहा ठिकाणी 'थोडा' होतं. 'थोडा' दुरुस्त करता येत नाही. कशाला संसर्ग म्हणायचं हे पहिला पेशंट घेण्याआधी ठरलेलं नव्हतं, आणि ते आता ठरवायचं तर कोण कोणत्या गटात होता हे माहीत असलेल्या माणसानंच ठरवायचं.

त्याहून मोठी गोष्ट पुढे होती. जखमेतल्या संसर्गाची जगभर चालणारी व्याख्या शस्त्रक्रियेनंतरचे तीस दिवस धरते. या पेशंटांना घरी सोडलं होतं पाचव्या-सहाव्या दिवशी. रेसिडेंट फोन करायची. काही उचलायचे, काहींचा लागायचा नाही. न लागलेले फोन तिनं सरळ 'संसर्ग नाही' मध्ये टाकले होते. ते फोन कुणाचे होते? बहुतेक पेठ आणि सुरगाण्याकडचे. दिवाळी झाली की त्या तालुक्यांतली माणसं निफाड-दिंडोरीच्या द्राक्षबागांवर मजुरीला उतरतात. घरी असणारा, फोन लागणारा, टाके काढायला परत येणारा पेशंट वेगळा, आणि आठव्या दिवशी ओल्या जखमेनं बागेत थिनिंगला, म्हणजे द्राक्षमणी विरळायला, उभा राहिलेला वेगळा. संसर्ग ज्याला होण्याची शक्यता जास्त तोच हिशेबातून गळाला. अशी गळती मागाहून कोणत्याही चाचणीनं भरून निघत नाही.

आता सांगा, चेन्नईतला किंवा अमेरिकेतला कोणता प्राध्यापक तिला पेठच्या मजुराचं वेळापत्रक सांगणार होता? हे तिच्याच वॉर्डातल्या मावशींना माहीत होतं. कुणीतरी तिच्या सिनॉप्सिसवर पेन्सिल ठेवून "तिसाव्या दिवशी हा माणूस कुठे असेल?" एवढं विचारलं असतं, तर ती मावशींकडे गेली असती, आशाताईंचे नंबर घेतले असते, नाहीतर निदान विषय बदलला असता. संशोधनाची रचना म्हणजे अशाच पंधरा-वीस प्रश्नांना आधी दिलेली उत्तरं. सूत्रं त्यातला सोपा भाग.

पेशंट वाटण्याचंही तसंच. 'रँडमायझेशन', म्हणजे चिठ्ठी टाकल्यासारखं पेशंट गटांत वाटणं, काय असतं हे परीक्षेत जवळजवळ सगळे बरोबर लिहितात. प्रत्यक्षात सोमवारच्या ओपीडीचे एका गटात, गुरुवारचे दुसऱ्यात. किंवा केसपेपरचा नंबर सम की विषम. ज्याला हा क्रम ठाऊक आहे तो नकळत बरा दिसणारा पेशंट हव्या त्या दिवशी बोलावतो. बंद पाकिटं वापरली तर ती टेबलाच्या ड्रॉवरमध्ये, दिव्यासमोर धरली की आतलं दिसेल अशी. १९४८ साली प्रसिद्ध झालेल्या स्ट्रेप्टोमायसिनच्या ब्रिटिश चाचणीत बंद पाकिटं वापरली होती ती याच कारणासाठी, की पुढचा पेशंट कुठल्या गटात जाणार हे घेणाऱ्याला आधी कळू नये. १९९५ साली अडीचशे चाचण्या तपासणारा एक अभ्यास आला. वाटपाची गुप्तता नीट राखली नव्हती अशा चाचण्यांनी उपचाराचा परिणाम सरासरी ४१ टक्क्यांनी फुगवून दाखवला होता. म्हणजे पाकीट कुणाच्या ताब्यात आहे, हा तपशील औषधाइतका परिणाम करून जातो. पाकीट कुणाच्या ताब्यात असावं ते कोर्स सांगतो. तुमच्या वॉर्डात ते कुणाच्या ताब्यात आहे, हे तिथं जाऊनच बघावं लागतं.

आणि हे आपल्याला जमत नाही असंही नाही. देवळालीला सॅनिटोरियमच्या पाट्या अजून दिसतात. हवापालटाला तिथं येऊन राहण्याची जुनी रीत. क्षयरोगाच्या बाबतीत सॅनिटोरियमची गरज खरोखर आहे का, हा प्रश्न जगात सगळ्यात नीट विचारला गेला तो मद्रासला. १९५६ साली आयसीएमआर, मद्रास सरकार, जागतिक आरोग्य संघटना आणि ब्रिटनची वैद्यकीय संशोधन परिषद यांनी तिथं क्षयरोग औषधोपचार केंद्र सुरू केलं. १९३ रुग्ण घेतले. चिठ्ठीनं काहींना सॅनिटोरियममध्ये ठेवलं, काहींना त्यांच्याच दाटीवाटीच्या, गरीब घरांत राहू देऊन औषध दिलं. संख्या आजच्या मापानं लहानच. पण घरच्या रुग्णाकडे न सांगता जाऊन उरलेल्या गोळ्या मोजणारी, औषध खरंच पोटात जातंय का ते लघवी तपासून बघणारी माणसं त्या रचनेत पहिल्यापासून होती, आणि घरातल्या इतरांना लागण होते का याचाही पाठपुरावा वर्षानुवर्षं झाला. १९५९ साली निष्कर्ष आले: घरचे उपचार जवळपास तितकेच चांगले. घरच्यांना त्यामुळे जादा धोका नाही, हेही पुढे दिसलं. जगाचं क्षयरोगाचं धोरण त्यानं बदललं. घरी जाऊन गोळ्या मोजण्याचं कुणाला आधी सुचलं नसतं, तर त्याच १९३ रुग्णांतून काहीही सिद्ध झालं नसतं.

त्याआधी, १९३८ साली, कलकत्त्याच्या सांख्यिकी परिषदेत अध्यक्षपदावरून बोलताना रोनाल्ड फिशर यांनी जे सांगितलं त्याचा मथितार्थ असा: प्रयोग संपल्यावर संख्याशास्त्रज्ञाकडे जाणं म्हणजे त्याला शवविच्छेदन करायला सांगणं, प्रयोग कशानं मेला ते तो कदाचित सांगू शकेल. शेतीतल्या लोकांनी ते मनावर घेतलं. विनायक पानसे आणि पांडुरंग सुखात्मे या दोन मराठी माणसांनी देशाच्या कृषी संशोधनात संख्याशास्त्र रुजवलं, ते प्लॉट आखण्यापासून. पीक कापल्यावर नव्हे. डॉक्टर मात्र अजूनही तिसऱ्या वर्षाच्या दिवाळीनंतर मास्टर चार्ट घेऊन येतात, आणि मी चाकू-कात्री घेऊन बसतो.

यात बाहेरच्यांनी डोकं का घालावं, असं कुणी म्हणेल. रेसिडेंटचे प्रबंध काही औषधं बाजारात आणत नाहीत. बरोबर, पण तेच रेसिडेंट दहा वर्षांनी गावोगावचे कन्सल्टंट होतात. एप्रिल २०२१ मध्ये, कोविडच्या लाटेत, नाशिकच्या औषधबाजारात, गोळे कॉलनीत, रेमडेसिविरसाठी लोक ताटकळत होते आणि प्रत्येक व्हॉट्सअॅप ग्रुपवर प्लाझ्मादाता शोधला जात होता. प्लाझ्माचा निकाल तोपर्यंत लागलेला होता. आयसीएमआरनं देशातल्या ३९ रुग्णालयांत ४६४ रुग्णांवर केलेली चाचणी ऑक्टोबर २०२० मध्येच प्रसिद्ध झाली होती, आणि प्लाझ्मानं आजार बळावणं किंवा मृत्यू थांबत नाही असं तीत दिसलं होतं. सहा महिन्यांनी तोच प्लाझ्मा चिठ्ठीवर लिहून दिला जात होता. लिहिणाऱ्यांवर नातेवाइकांचा दबाव होता, भीती होती, हे मान्य. पण स्वतः कधी एक प्रश्न नीट मांडून त्याचं उत्तर शोधलेलं नसेल, तर दुसऱ्यानं शोधलेल्या उत्तराचं वजन हातात येत नाही. "आमच्याकडचे दोघं बरे झाले" हे वाक्य मग ४६४ जणांपेक्षा जड वाटतं.

मग करायचं काय? नाशिकच्या दुसऱ्या टोकाला, गंगापूर धरणाच्या बाजूला, आणखी एक विद्यापीठ आहे. यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ, १९८९ पासून. 'ज्ञानगंगा घरोघरी' हे त्याचं ब्रीद. घरी पुस्तक पाठवून शिकवता येतं, यावर ते विद्यापीठ उभं राहिलं. आणि नुसतं पुस्तक पाठवून भागत नाही, हे पहिल्यापासून ओळखूनच त्यानं तालुक्या-तालुक्यात अभ्यासकेंद्रं काढली, समंत्रक नेमले, संपर्कसत्रं ठेवली. समंत्रकानं पुन्हा व्याख्यान द्यायचं नसतं. विद्यार्थी कुठे अडलाय ते बघायचं असतं. नोकरी सांभाळून शिकणारा कारकून, अंगणवाडीताई, शेतकरी यांच्यासाठी जी सोय या शहरातून राज्यभर झाली, ती एमडी-एमएसच्या विद्यार्थ्यासाठी कुणाला सुचू नये याचं मला नवल वाटतं. कदाचित डॉक्टरला समंत्रक लागतो हे म्हणायला जड जात असेल.

बीसीबीआर आहे तसाच राहू द्या. त्याचं प्रमाणपत्र आलं की सिनॉप्सिसकडे जायचं, त्याआधी एक पायरी घाला. विद्यार्थ्यानं आपला प्रश्न घेऊन एका समंत्रकासमोर बसायचं, दोन वेळा, तासभर. बरोबर तीन गोष्टी आणायच्या: गृहीत धरलेला आकडा कुठून आला त्याचा पुरावा, पेशंट वाटण्याची किल्ली कुणाकडे राहणार त्याचं नाव, आणि प्रबंधात शेवटी जे तक्ते येणार आहेत ते, पण रिकामे. रिकामा तक्ता फार बोलका असतो. रकान्यांची नावं लिहायला घेतली की 'थोडा' कुठे बसवायचा हा प्रश्न पहिल्याच दिवशी उभा राहतो. प्रत्यक्ष भेट जमत नसेल तर ही बैठकही व्हिडिओवर चालेल. मला ऑनलाइनचं वावडं नाही. समोर माणूस हवा, आणि त्यानं प्रश्न विचारावेत.

माणसं कुठून आणणार? वैद्यकीय महाविद्यालयांच्या निकषांत कम्युनिटी मेडिसिन विभागात संख्याशास्त्रज्ञाचं एक पद जुन्या वैद्यक परिषदेच्या काळापासून आहे. त्या माणसाकडून वार्षिक अहवालाचे तक्ते आणि तपासणीच्या वेळचे कागद करून घेतले जातात. त्याला आठवड्यातले दोन दिवस या कामाला मोकळे करा, आणि ज्या महाविद्यालयात पद रिकामं आहे त्यांच्या विद्यार्थ्यांना शेजारच्या महाविद्यालयाशी जोडून द्या. पैसा लागेल, पण तो आजही लागतोच आहे; फक्त तो सिनॉप्सिसपासून 'डिस्कशन'पर्यंत सगळं ठरल्या दरात लिहून देणाऱ्यांच्या खिशात जातो.

एवढ्यानंही ६८० चा प्रश्न सुटत नाही, हे कबूल करायला हवं. एका रेसिडेंटला एका युनिटमध्ये १,३६० शस्त्रक्रिया मिळणार नाहीत. समंत्रक त्याला फार तर सांगेल की हा विषय सोड, साठात ज्याचं उत्तर मिळेल असं काही घे. बऱ्याच जणांसाठी तेच योग्य. एखादी तपासणी किती अचूक आहे, आपल्या ओपीडीत अमुक तक्रार घेऊन येणाऱ्यांत काय आढळतं, असे प्रामाणिक छोटे प्रश्नही असतात, तरी त्यांतही साठ पुरतील की नाही ते मोजूनच ठरवावं लागतं. पण मोठ्या प्रश्नांचं काय?

इथं म्हसरूळच्या पत्त्याची खरी किंमत आहे. राज्यातल्या सर्जरीच्या सगळ्या रेसिडेंटांचे सिनॉप्सिस जर एकाच ठिकाणी येत असतील, तर सव्वीस जणांना एकच प्रश्न, एकच व्याख्या, एकच फॉर्म देऊन प्रत्येकी साठ रुग्ण घ्यायला लावणं फक्त त्या एका ठिकाणाहून शक्य आहे. सव्वीस गुणिले साठ म्हणजे १,५६०. तिसाव्या दिवसाआधी गळणारे धरूनही पुरतात. आज ते सव्वीस जण सव्वीस वेगळ्या व्याख्यांनी सव्वीस निरुपयोगी प्रबंध लिहितात, तेवढ्याच मेहनतीत आणि तेवढ्याच पेशंटांना त्रास देऊन.

ब्रिटनमध्ये हे होऊन गेलं आहे. वेस्ट मिडलंड्समधल्या शिकाऊ सर्जननी एकत्र येऊन 'रोसिनी' नावाची चाचणी केली. पोटाच्या जखमेच्या कडांना प्लास्टिकचं संरक्षक कडं लावल्यानं संसर्ग कमी होतो का? २१ रुग्णालयं, ७६० रुग्ण. २०१३ साली निकाल आला: कडं लावलेल्यांत २४.७ टक्के, न लावलेल्यांत २५.४. उपयोग नाही. असा स्वच्छ नकारही मोलाचा असतो, खरेदी वाचते. पुढे २०२२ साली, भारतासह सात देशांतल्या ८१ रुग्णालयांत, १३,३०१ रुग्णांवर अगदी साधी गोष्ट तपासली गेली: पोट शिवण्याआधी हातमोजे आणि उपकरणं बदलायची. संसर्ग १८.९ टक्क्यांवरून १६ वर आला. तीन टक्क्यांहून लहान फरक, तीस-तीसमध्ये जन्मात दिसला नसता, आणि आता तो कुठल्याही तालुक्याच्या ऑपरेशन थिएटरमध्ये उद्यापासून वापरता येतो.

अडचणी मला ठाऊक आहेत. प्रत्येक महाविद्यालयाची एथिक्स कमिटी वेगळी, तिच्या तारखा वेगळ्या. गाइड म्हणतील, "माझ्या विद्यार्थ्याला दुसऱ्याचा विषय का?" नियम म्हणतो प्रबंध स्वतंत्र हवा. यातली नियमाची अडचण सोडवायला सगळ्यात सोपी, कारण नियम विद्यापीठाचाच: मुख्य प्रश्न सामाईक, आणि प्रत्येकाचा एक उपप्रश्न स्वतःचा, मधुमेहींचा वेगळा, तातडीच्या शस्त्रक्रियांचा वेगळा, तिसाव्या दिवसापर्यंत गळणाऱ्यांचा वेगळा. पेठ-सुरगाण्याच्या मजुरांवर तर एक अख्खा प्रबंध उभा राहील. सामाईक प्रोटोकॉलची नोंद पहिला पेशंट घेण्याआधी आयसीएमआरच्या 'सीटीआरआय' या चाचण्यांच्या नोंदवहीत करायची. एप्रिल २०१८ पासून तिथं चाचणी सुरू झाल्यावर नोंद घेतच नाहीत, त्यामुळे घाई आपोआप आवरेल. गाइड मंडळींच्या नावाचा प्रश्न राहतो. पेपरवर कुणाचं नाव आधी, यावर महाराष्ट्रात मैत्र्या तुटल्या आहेत. त्यावर गटाच्या नावानं पेपर छापायचा आणि सगळ्यांची नावं शेवटी यादीत द्यायची, असा तोडगा निघालेला आहे.

एकदम सगळ्या विषयांत हे सुरू करावं असं मी म्हणत नाही. तसं केलं तर वर्षभरात एक समिती, एक लोगो आणि एक उद्घाटन एवढंच हाती लागेल. एका विषयापासून करावं, आणि सर्जरी त्यासाठी बरी, कारण जखम सगळीकडे सारखी असते आणि तीस दिवसांत निकाल लागतो. पुढच्या बॅचचे सिनॉप्सिस म्हसरूळला आले की सर्जरीचे तेवढे एका टेबलावर काढून त्यातले जखमेच्या संसर्गावरचे किती, आणि त्यांत संसर्गाच्या व्याख्या किती प्रकारच्या, एवढं मोजायला दोन माणसं आणि एक आठवडा पुरे. ती दोन माणसं विद्यापीठानं या वर्षीच नेमावीत.